पालघटाचा चौक

वारली चित्र हल्ली कुठे नसते? चहाच्या कपावर असते, साडीच्या पदरावर असते, हॉटेलच्या भिंतीवरही असते. आमच्या एका रसिक स्नेह्यांपुढे असा कप आला, की चहा कडू लागल्यासारखा त्यांचा चेहरा होतो. “देवीचा बाजार मांडला हो!” हे त्यांचे ठरलेले वाक्य. म्हणून ही हकिकत.

डहाणूकडच्या एका वारली घरी लग्नाला जाण्याचा योग आला. लग्नाआधी तिथे भिंतीवर चौक काढतात. मधोमध पालघट, झाडापेरांची नि लेकराबाळांची देवी. ती भिंतीवर आल्यावाचून लग्न लागत नाही. भिंत शेणाने सारवून वर गेरू दिलेला. रंग म्हणजे तांदळाचे पीठ पाण्यात कालवलेले, आणि कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी! चौकटीला नक्षीचे पदरावर पदर. आत सूर्य, चंद्र, फणी, शिडी. शेजारच्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव.

पण हा चौक काढायचा तो सुवासिनींनीच. नवऱ्यामुलीच्या मावशीसारखा हात गावात दुसरीचा नाही, असे सगळ्याच सांगत होत्या; आणि मावशी विधवा. ती उंबऱ्याबाहेर तांदूळ वाटत बसली होती. आत एखादीची रेघ चुकली, की तिथूनच म्हणायची, “मान बारीक झाली गं. हात अजून वर घे.” काडीला मात्र तिने बोट लावले नाही.

दुपारी तिने पत्र्याच्या पेटीतून कागद काढून दाखवले. गेरूच्या रंगावर पांढरा चौक, मधे पालघट. रेघ अशी, की आतली भिंत फिकी वाटावी. हे शहरातल्या दुकानात जातात म्हणाली.

“मग हे चालतं?”

“कागदाला कोण विचारतो?”

जिव्या सोमा मशे यांनी १९७०नंतरच्या दशकात, भास्कर कुलकर्णींच्या प्रोत्साहनाने, बायकांच्या भिंतीवरची ही कला कागदावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुरुषाच्या हाती काडी गेली, याची पुष्कळ चर्चा झाली. कागदामुळे या मावशीच्या हातीही ती परत आली, हे आमच्या स्नेह्यांच्या कानावर घालायला हवे. बाजार मांडला खरा. पण तिला देवी काढायला दुसरी जागा कुठे होती?

मी एक कागद घेतला. मावशीने पैसे मोजले, त्यातले काही भाचीच्या आहेरासाठी वेगळे बांधले, आणि उठून पुन्हा उंबऱ्याशी जाऊन बसली. आत कोणीतरी देवीच्या केसांपाशी अडली होती.