लाल बटणाची बाजू

ऑफिसची फोनयंत्रणा ब्राउझरमधून सांभाळायच्या फ्रीपीबीएक्सच्या वरच्या पट्टीत उगवणाऱ्या लाल 'अप्लाय कॉन्फिग' बटणावर माझा जुना राग होता. नवं एक्स्टेंशन टाकून 'सबमिट' दाबलं, की हे महाशय हजर. एकदा सबमिट केलं ना, मग पुन्हा परवानगी कसली? नव्याने शिकणाऱ्या पोरांना मी हे बटण म्हणजे जुन्या काळचं लोढणं असंच सांगत असे.

मत बदललं ते एका ग्राहकाची क्लाउडवरची फोनसेवा हातात आल्यावर. तिथे 'सेव्ह' म्हणजे लगेच लागू. मला हवं होतं तेच! काम मात्र साधं निघालं नाही. 'बिलासाठी दोन दाबा' हा पर्याय नव्या गटाकडे वळवायचा होता. जुना पर्याय काढून नवा जोडेपर्यंत दोन दाबणाऱ्याच्या कानावर 'चुकीचा पर्याय' पडणार. गट आधी जोडून माणसं नंतर भरावीत, तर तेवढा वेळ फोन कुणाकडेच वाजणार नाही. प्रत्येक बदलाचा क्रम कागदावर मांडून मी ते काम रात्री उरकलं.

फ्रीपीबीएक्समध्ये ही कसरत लागत नाही. तिथे सबमिट केलेलं आधी डेटाबेसमध्ये जाऊन बसतं. कॉल जोडणारा अ‍ॅस्टेरिस्क (मार्क स्पेन्सरने १९९९ मध्ये सुरू केलेला) साध्या मजकुराच्या फायली वाचून चालतो. बटण दाबलं की डेटाबेसवरून त्या फायली नव्याने लिहिल्या जातात आणि अ‍ॅस्टेरिस्क त्या पुन्हा वाचतो. तोवर दिवसाढवळ्या, फोन खणखणत असताना, निवांत मांडामांड करता येते. या पुन्हा वाचण्याने, म्हणजे रीलोडने, चालू बोलणंही तुटत नाही. (नावात 'अ‍ॅडिशनल' असलेल्या फायली हाताने सुधारू नयेत, हेही यातच आलं. पुढच्या रीलोडला तुमची मेहनत पुसली जाते. आपली भर 'कस्टम' फायलींत घालावी.)

सगळंच रीलोडने भागत नाही. फोनशी बोलणाऱ्या पीजेसिप या भागाचा ऐकण्याचा पोर्ट ५०६० वरून हलवायचा, तर अ‍ॅस्टेरिस्क रीस्टार्ट करावा लागतो, आणि 'रीस्टार्ट नाऊ' चालू कॉल तोडून मोकळा होतो. 'रीस्टार्ट व्हेन कन्व्हिनियंट' मात्र सगळे कॉल संपेपर्यंत थांबतो. वेळ निवडणं माणसाकडे असावं, हे आता मला पटलंय.

तरी एक तक्रार उरतेच. कोणते बदल कुणाचे, ते हे बटण पाहत नाही. मी एक्स्टेंशनसाठी दाबलं, तर सहकाऱ्याने अर्धवट ठेवलेला इनकमिंग रूटही त्याबरोबर लागू होतो. आणि 'राहू दे, सगळं परत घे' असं सांगणारं बटण शेजारी नाहीच. तेव्हा एकाच यंत्रणेवर दोघं-तिघं काम करत असाल, तर लॉगिन केल्याबरोबर लाल बटण आधीच दिसल्यास दाबू नका. आधी फोन उचला आणि विचारा, "तुझं काही राहिलंय का?"