लक्झेंबर्ग : तिकीट काढूच नका!

दहा दिवसांची रजा मंजूर झाली, की आपण पहिलं काम काय करतो? एक्सेल शीट उघडतो आणि त्यात देश भरायला घेतो! पॅरिस दोन रात्री, ब्रुसेल्स एक, ॲमस्टरडॅम दोन... मधेच नकाशावर लक्झेंबर्ग नावाचा ठिपका दिसतो. ‘हा तर तीन तासांत होईल’ म्हणत तो दुपारच्या जेवणापुरता यादीत घुसतो. गाडी थांबते, फोटो निघतात, गाडी सुटते. देश ‘झाला’!

बॉस, इथेच घोळ आहे. लक्झेंबर्ग लहान आहे हे खरं. क्षेत्रफळ अवघं २,५८६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याहूनही कमी. उत्तर-दक्षिण लांबी ८२ किलोमीटर. मुंबईहून निघून लोणावळ्याला पोचेपर्यंत देश संपला! पण गंमत या लहानपणातच आहे. एका हॉटेलात बॅग टाकायची, रोज सकाळी नव्या दिशेला निघायचं आणि रात्री त्याच गादीवर येऊन पडायचं. रोजचं पॅकिंग नाही, चेक-आउटची धावपळ नाही. त्यासाठी तीन रात्री मात्र काढा.

पाकीट खिशातच राहू द्या
२०२०च्या फेब्रुवारीअखेरीपासून इथे बस, ट्राम आणि ट्रेन देशभर फुकट आहेत. तिथल्या लोकांना आणि पाहुण्यांनाही. ना पास, ना मशिनसमोर रांग. चढा आणि बसा. मार्च २०२५ पासून ट्राम विमानतळापर्यंत जाते, त्यामुळे टॅक्सीचा खर्चही वाचतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. ट्रेनचा फर्स्ट क्लास फुकट नाही. आणि सीमा ओलांडून जर्मनीतल्या ट्रिअरला किंवा फ्रान्समधल्या मेसला जाणार असाल, तर पलीकडच्या प्रवासाचं तिकीट काढावंच लागतं. मुंबईहून पॅरिस गाठलंत, तर तिथल्या गार द लेस्त स्टेशनवरून टीजीव्ही साधारण सव्वादोन तासांत लक्झेंबर्गला सोडते.

व्हिसाचं गणित
शेंगेन व्हिसाचा साधा नियम : ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखेच असतील, तर जिथे पहिलं पाऊल पडणार तिथे. म्हणजे पॅरिसला चार रात्री आणि लक्झेंबर्गला तीन असतील, तर अर्ज फ्रान्सकडे. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून ते १५ दिवसांपर्यंत अर्ज करता येतो, पण १५व्या दिवसाची वाट पाहणं म्हणजे स्वतःच्या बीपीशी खेळ. किमान ३०,००० युरोंचा मेडिकल इन्शुरन्स हवाच. जून २०२४ मध्ये मोठ्यांसाठीची फी ९० युरो झाली, तेही बजेटमध्ये धरा.

आणि हो, पासपोर्ट रूमवर ठेवून भटकू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली.

तीन दिवस, तीन दिशा
पहिला दिवस शहराला. जुनं शहर आणि तटबंदी १९९४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. बोकच्या कड्यात खोदलेली भुयारं तिकीट काढून बघा. ती वर्षभर खुली नसतात, म्हणून तारखा आधी तपासा. शेजारच्या कॉर्निशच्या वाटेवरून खाली दरी, नदी आणि जुनी घरं दिसतात. मग फाफेन्थालची काचेची लिफ्ट पकडा. ७१ मीटर खाली जाते आणि तीही फुकट!

दुसरा दिवस उत्तरेला, व्हियांडेनला. एटेलब्रुकपर्यंत ट्रेन, पुढे बस. डोंगरावर जबरदस्त किल्ला आणि खाली नदीकाठी छोटंसं गाव. १८७१ मध्ये व्हिक्टर ह्यूगो इथे राहिला होता. त्याच्या घरात आता म्युझियम आहे.

तिसऱ्या दिवशी पाय शिवशिवत असतील, तर एख्टरनाखची बस पकडा. तिथून म्युलरथालच्या वाळूच्या खडकांतल्या वाटा सुरू होतात. एकूण ट्रेल ११२ किलोमीटरचा आहे, पण तुम्ही दोन तासांचा तुकडा चाला, पुरे. बूट मात्र चांगले हवेत. चालायचा कंटाळा असेल तर थेट शेंगेनला जा. ज्याच्या नावाच्या व्हिसासाठी एवढी कागदपत्रं जमवलीत, ते हे मोझेल नदीकाठचं द्राक्षमळ्यांचं गाव! १४ जून १९८५ रोजी इथे नदीतल्या बोटीवर पाच देशांनी करारावर सह्या केल्या. पूल ओलांडला की तुम्ही जर्मनीत, थोडं दक्षिणेला चाललात की फ्रान्समध्ये.

खिसा आणि पोट
खरा खर्च हॉटेल आणि जेवणाचा. सोमवार ते गुरुवार बँकवाले आणि युरोपियन युनियनच्या मीटिंगवाले हॉटेलं भरून टाकतात, त्यामुळे शुक्रवार ते रविवारच्या रात्रींचे दर आधी बघा. मोठं जेवण दुपारी उरका. ‘प्ला द्यु जूर’ म्हणजे त्या दिवसाची खास डिश, रात्रीच्या मेनूपेक्षा स्वस्तात पोट भरते. नळाचं पाणी बिनधास्त प्या. रविवारी बरीच दुकानं बंद असतात किंवा लवकर मिटतात, म्हणून दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवा.

जत्रेत किंवा ख्रिसमस मार्केटमध्ये ग्रोंपरेकिशेल्शर मिळतात. नावावर जाऊ नका, किसलेल्या बटाट्याची कुरकुरीत टिक्की आहे! त्यात अंडं असतं, तेव्हा शुद्ध शाकाहारी मंडळींनी आधी विचारावं. घेवड्याच्या सूपमध्येही बेकन असू शकतं. घरून चिवडा, चकली न्या. पण पेढे-बर्फी नको, कारण भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला युरोपियन युनियनमध्ये बंदी आहे.

फ्रेंच, जर्मन, लक्झेंबर्गिश अशा तीन भाषा ऐकून गांगरू नका, शहरात इंग्रजीवर निभावतं. पण दुकानात शिरताना ‘मोयेन’ म्हणा. हा इथला नमस्कार, सकाळ-संध्याकाळ कधीही चालतो.

आता ती एक्सेल शीट उघडा आणि एक देश डिलीट करा. मोकळ्या झालेल्या रात्री लक्झेंबर्गला द्या. यादी थोडी आखूड होईल, पण सुट्टी बसच्या खिडकीत जाणार नाही.