एका तारेचा ब्लूज

गोंधळ किती वेळ चालतो? आमच्या दादाच्या हिशोबाने चाळीस मिनिटं. सोलापूरहून रात्रीची गाडी होती ना! दादाचं नुकतंच लग्न झालेलं, कुलदैवत तुळजाभवानी, म्हणून अख्खी गँग जीपमध्ये कोंबून तुळजापूरला निघाली. जिल्हा धाराशिव. (आजीच्या तोंडी अजून उस्मानाबादच.) सोलापूरपासून साधारण ४५ किलोमीटर.

हा तोच दादा, ज्याने २०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिल्या महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला बडी गाय ऐकला आणि नंतर महिनाभर आमचं डोकं खाल्लं. जीपमध्येही बडीच लावलेला. तुम्हाला माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. १९३६ साली लुइझियानात, दुसऱ्याच्या जमिनीवर बटाईने कापूस पिकवणाऱ्या घरात जन्म. गिटार परवडायची नाही, म्हणून पोराने खिडकीच्या जाळीच्या तारा काढून लाकडावर ताणून बांधल्या. दोनच तारा! १९५७ मध्ये शिकागो गाठलं. तिथे उपाशी असताना खुद्द मडी वॉटर्सने सँडविच खाऊ घातलं, ही त्याची आवडती आठवण. रात्री क्लबात वाजवायचं आणि दिवसा बंद पडलेल्या गाड्या ओढणारा ट्रक चालवायचा, अशी वर्षं गेली. त्याचं ऐकून हेंड्रिक्स आणि क्लॅप्टन घडले. त्याच्या स्वतःच्या हाती मोठं यश लागलं ते १९९१ च्या 'डॅम राइट, आय'व्ह गॉट द ब्लूज'ने, पंचावन्नीला टेकल्यावर. २०२५ च्या 'सिनर्स' सिनेमात दिसणारा म्हातारा गायक तोच.

तर तुळजापूर. कवड्यांच्या माळा, हळदीकुंकवाचे ढीग, बांगड्या, परड्या. देवळात जायचं म्हणजे चढायचं नाही, पायऱ्या उतरायच्या. कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ, मग रांग. दर्शन झालं आणि पुजाऱ्यांच्या वाड्यात गोंधळ मांडला.

दिवटी पेटली, संबळ सुरू झाला. एका हातात सरळ काठी, दुसऱ्या हातातल्या काठीचं टोक वळलेलं. पण माझं लक्ष तुणतुण्याकडे. लाकडाचं पोकळ नळकांडं, तळाला कातडं, बाजूला काठी आणि वर खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार. बडीपेक्षाही एक कमी! सूरही तीच धरते, ठेकाही तीच. वाजवणारे साठीतले मामा गावोगावच्या देवांना गोंधळाला बोलवायला लागले तेव्हा आवाज असा फाटून वर गेला की दादाने मोबाइल खाली ठेवला. दोनच मिनिटं. मग पुन्हा घड्याळ बघितलं.

मामांनी ते पाहिलं. आख्यान अर्ध्यात आवरलं आणि आरतीला हात घातला.

मला फार लाज वाटली. आवराआवर चालली होती तेव्हा मामांपाशी जाऊन बसले.

"मामा, पूर्ण गोंधळ केवढा?"

"पहाटेपर्यंत, ताई. पर आता कुणाला टाइम हाय? हॉलवाले दहाला लाइट बंद करतात. आन् त्याच्या आधी डीजे."

पोरगा पुण्यात डिलिव्हरीचं काम करतो. संबळ येतो त्याला, वाजवत नाही. लग्नसराई संपली की मामा दुसऱ्याच्या रानात मजुरीला. मग विषय बदलावा म्हणून त्यांनीच करपल्लवी दाखवली. गोंधळ्यांची बोटांची भाषा ही. तुम्ही एकाच्या कानात नाव सांगायचं, तो लांब उभ्या असलेल्या जोडीदाराला नुसत्या बोटांच्या खुणांनी कळवणार. मी मुद्दाम मामांच्या कानात बडीचं नाव सांगितलं. बोटं सरसर हलली. पलीकडचा संबळवाला गोंधळला, मग म्हणाला, "बडी गाय! पर कुणाची गाय?"

सगळा वाडा हसला. वहिनी तर पार भिंतीला टेकली. मी फोनवर बडीचा व्हिडिओ लावला. मामा नीट ऐकत होते, मान हलत होती. मध्येच बडीने एक सूर ताणून धरला, तेव्हा त्यांचा हात आपसूक तुणतुण्याच्या खुंटीकडे गेला.

"किती वय याचं?"

"छत्तीस सालचा जन्म."

"घरी कोन वाजवतं याच्या?"

त्याची मुलं गातात, पोरगा गिटार वाजवतो, असं सांगितलं. मामा काही बोलले नाहीत. तार थोडी सैल केली, तुणतुणं कापडात गुंडाळलं.

बाहेर जीपचा हॉर्न. दादा! मी मामांचा नंबर घेतला. आख्यानातल्या राजाचं पुढे काय झालं, विचारायचं राहिलंच होतं.

"ते असं धा मिनिटात न्हाई सांगता येत, ताई. तुमच्या लग्नात बोलवा."