बदलीचा आठवडा आणि लांज्यातले चार दिवस

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग, पूर्वीचा १७ आणि आताचा ६६ क्रमांकाचा, हातखंबा व पाली मागे टाकून आंजणारीच्या घाटात उतरतो. काजळी नदीचा पूल येतो, काठावरचे दत्तमंदिर दिसते आणि पुढची चढण संपली की थोड्या वेळात लांजा येते. गाड्या येथे चहापुरत्या थांबतात व राजापूरच्या रस्त्याला लागतात. “सुटीला लांज्याला चाललो” असे सांगणारा माणूस, वाचकहो, तुम्हांला क्वचितच भेटेल. या तालुक्यात समुद्र नाही. सडे, वरकस जमिनी, काजूच्या बागा, भाताची खाचरे आणि पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, अशी ही भूमी आहे. पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी म्हणून काम करताना इथल्या बऱ्याच वाड्या मी पायी पाहिल्या आहेत. माझे घरही याच तालुक्यात आहे.

असे असूनही मागील वर्षी मे महिन्यात एक कुटुंब पैसे भरून मिळवलेली सुटी अर्धी टाकून लांज्याला आले. ते का आले आणि त्यांना येथे काय मिळाले हे सांगण्यासारखे आहे. तुमच्याही घरातले कोणी मुंबई-पुण्यास नोकरीला असेल आणि त्याच्यापुढे असला कागद आज ना उद्या येईल.

हा व्यवहार आहे तरी काय?

पाटाच्या पाण्याला पाळी असते, देवळातल्या पूजेला असते, सामाईक घरातला गणपतीही पाळीने भावाभावांत फिरतो. शहरात ‘टाइमशेअर’ नावाने जो व्यवहार चालतो तो मुळात याच जातीचा. एका खोलीचे वर्षाचे ५२ आठवडे पाडायचे आणि एकेक आठवडा एकेका कुटुंबाला पुष्कळ वर्षांच्या मुदतीने विकायचा. युरोपात १९६०च्या दशकात ही पद्धत निघाली. आपल्या देशात ती १९८०च्या दशकात आली. चेन्नईची स्टर्लिंग कंपनी १९८६ सालची, महिंद्र समूहाची कंपनी १९९६ सालची. घेणारा आधी मोठी रक्कम भरतो. त्यानंतर देखभालीची फी दर वर्षी असतेच, मग त्या वर्षी सुटीला जाणे होवो वा न होवो.

दर वर्षी एकाच गावी जाऊन माणूस कंटाळतो. त्यासाठी १९७४ साली अमेरिकेत आरसीआय ही आठवड्यांची अदलाबदल करून देणारी संस्था निघाली. आपला आठवडा तिच्याकडे जमा करायचा आणि दुसऱ्याने जमा केलेला उचलायचा. ऐकताना आपल्या सावडीसारखे वाटते. आज तुमच्या लावणीला माझी माणसे, उद्या माझ्या लावणीला तुमची.

पण सावडीत दोन्ही खाचरे दोघांनी पाहिलेली असतात. इथे समोरचे खाचर कोणीच पाहिलेले नसते. शिवाय बाजारात जिनसेला भाव तसा इथे आठवड्यालाही भाव असतो. दिवाळी, नाताळ आणि मे महिना यांना मोठी मागणी. भर पावसाळ्यातला आठवडा जमा करून मे महिन्यातला मागणे म्हणजे कोंडा घालून तांदूळ मागणे. तिसरी गोष्ट अशी की ज्याच्याकडे मे महिन्यातला समुद्रकाठचा आठवडा आहे तो बहुधा स्वतःच तिथे जातो. तो जमाच करत नाही. जमा झालेच नाही ते वाटायचे कुठून?

चुलतभावाची हकिकत

डोंबिवलीला राहणाऱ्या माझ्या चुलतभावाने असा आठवडा घेतलेला आहे. त्याची स्वतःची खोली थंड हवेच्या ठिकाणी, हंगाम मधला. त्याने बदलीत मे महिना आणि समुद्रकिनारा मागितला. माणसे सहा. त्यांत त्याची आई, म्हणजे माझी काकी, वय ७८. मंजुरीच्या कागदावर ‘सागरी प्रदेश’ असे शब्द होते. जागेवर पोचल्यावर कळले की समुद्र १४ किलोमीटरवर आहे, खोली चौघांची आहे, तीही तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. स्वयंपाकघर म्हणून विजेची एक शेगडी. शिवाय पाणी-विजेचे पैसे वेगळे.

काकीचे गुडघे दुखतात. एकदा वर चढल्यावर ती दोन दिवस खाली उतरली नाही. खिडकीतून मोटारतळ दिसत होता. नातवाने विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “बरं आहे रे बाळा, वारा येतोय.” हे वाक्य भावाने मला फोनवर सांगितले तेव्हा त्याचा आवाज जड झाला होता.

भावाने तेथे भांडण केले नाही. पहिल्याच संध्याकाळी व्यवस्थापकाला लेखी अर्ज दिला आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतली. खोलीची, जिन्याची व शेगडीची छायाचित्रे काढली. जास्तीच्या पैशांची पावती मागून घेतली. व्यवस्थापक सभ्य होता, पण त्याचे म्हणणे एकच, आलेल्या कागदाप्रमाणे खोली दिली आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे निघाले आणि दुपारी आमच्या खळ्यात गाडी थांबली.

एका नदीचा प्रवास

आमचे घर सामाईक आहे. अर्धे माझ्याकडे, अर्धे भावाकडे, आणि त्याच्या अर्ध्याला बहुतेक वर्षभर कुलूप. खरे तेच सांगतो. न्हाणीघर एकच आहे, तेही मागील दारी. दुपारी उकाड्याने जीव कासावीस होतो, वीज जाते, आणि मोबाईलला रेंज मिळेना म्हणून मुलांनी पहिला दिवस तोंडे पाडून काढला. काकी मात्र पडवीत बसली ती उठेना. एक पायरी चढली की पडवी. येणारीजाणारी माणसे तिला नावाने हाक मारत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही माचाळला गेलो. विशाळगडाच्या शेजारी, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले हे गाव. पूर्वी पालूहून पायवाटेने चढावे लागे. आता गाडीरस्ता झाला आहे. खाली अंगाची लाही होत असता वर वारा सुटलेला असतो आणि संध्याकाळी अंगावर पांघरूण घ्यावेसे वाटते. येथे मुचकुंद ऋषींची गुहा दाखवतात. कालयवन श्रीकृष्णाचा पाठलाग करीत गुहेत शिरला आणि निजलेल्या मुचकुंदाला लाथ मारून भस्म झाला, ती ही गुहा, अशी लोकांची श्रद्धा आहे. मुचकुंदी नदी याच डोंगरातून निघते.

उतरताना खोरनिनकोचे धरण पाहिले. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्या सांडव्यावरून पाणी पायऱ्यापायऱ्यांनी कोसळते आणि ते पाहायला गर्दी लोटते. मे महिन्यात सांडवा कोरडा असतो. तुम्हांला धबधबा पाहायचा असेल तर पावसाळ्यात या, पण पाण्यात उतरू नका.

तिसऱ्या दिवशी तीच नदी धरून खाली गेलो. साटवलीला मुचकुंदीच्या काठी जुन्या गढीचे अवशेष आहेत. रस्ते नव्हते तेव्हा खाडीतून होड्यांनी माल इथवर येई. तेथून पूर्णगडापर्यंत गेलो. तेथे नदी समुद्राला मिळते आणि मुखावर लहानसा किल्ला उभा आहे. खाडीपलीकडे गावखडीची लांब पुळण आणि सुरूचे बन. मुलांनी तेथे मनसोक्त समुद्र पाहिला. काकी सुरूच्या सावलीत बसून पायांवर वाळू घेत होती. डोंगरातली गुहा ते समुद्र, अशी एक अख्खी नदी दोन दिवसांत पाहून झाली.

लांजा तालुक्यात कोट हे गाव आहे. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे सासरचे नेवाळकर घराणे मूळचे तिथले. पोटासाठी व पराक्रमासाठी परमुलखात जाणे हे कोकणी माणसाला नवे नाही. मागे राहिलेल्या घराचे काय करायचे, हा प्रश्नही म्हणून जुनाच.

चौथ्या दिवशी कुठेच गेलो नाही. मुलांनी रातांबे फोडले, हात लाल करून घेतले, रायवळ आंबे चोखले आणि बरक्या फणसाने तोंडे चिकट केली. भाऊ शिडी लावून आपल्या अर्ध्या घराच्या छपरावर चढला. दोन वासे वाळवीने खाल्लेले आणि कौले सरकलेली. खाली उतरून त्याने कागदावर हिशेब मांडला. कौले, रिपा, वासे आणि माणसांची मजुरी धरून शाकारणीचा खर्च त्याच्या त्या आठवड्याच्या दोन वर्षांच्या देखभाल फीइतका भरला. तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही. शाकारणी मात्र त्याच आगोटीला, पाऊस पडण्याआधी झाली.

तुमच्यावर अशी वेळ आली तर

आधी लेखी विचारा. माणसे किती मावतात, पायऱ्या किती, चूल आहे का, समुद्र किती किलोमीटरवर, वरखर्च किती? ‘जवळ’, ‘प्रदेश’, ‘परिसर’ असल्या शब्दांवर जाऊ नका, आकडा मागा. पोचल्यावर उणीव दिसली तर त्याच दिवशी लेखी कळवा व पोच घ्या. घरी आल्यावर कंपनी आणि बदली करून देणारी संस्था या दोघांनाही पत्र पाठवा. भावाला अशाच पत्रांमुळे दोन महिन्यांनी बदलीची फी परत मिळाली आणि आठवडा पुन्हा खात्यावर जमा झाला. प्रवासखर्च मात्र मिळाला नाही.

दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची. मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही.

आणि एक सावधगिरी. सुटीच्या खोलीबरोबर कोणी ‘मुदतीनंतर इतके पैसे परत’ असे सांगू लागला तर तो सुटी विकत नाही, ठेव गोळा करतो. पॅनकार्ड क्लब्ज या मुंबईच्या कंपनीने खोल्यांच्या रात्री अशाच विकल्या. ५० लाखांहून अधिक लोकांकडून ७,००० कोटी रुपयांहून अधिक रक्कम गोळा झाली होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये सेबीने ही बेकायदा सामूहिक गुंतवणूक ठरवून पैसे परत करण्याचा आदेश दिला. काजूचे किंवा उसाचे पैसे हातात असताना दारी येणाऱ्या दलालाला ही गोष्ट जरूर ऐकवा.

राज्याने २०२० साली कृषी पर्यटन धोरण आणले. तुमच्यापैकी कोणी घरी पाहुणे ठेवून चार पैसे मिळवू पाहत असाल तर पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करा. आणि पाहुण्यांना आधीच लिहून कळवा की न्हाणीघर एकच आहे, समुद्र अमुक किलोमीटरवर आहे, दुपारी उकडते. हे वाचूनही जो येईल तो रागावून जाणार नाही.