चोर्ल्याचा खड्डा आणि उद्यमबागेतली दुरुस्ती

बेळगावहून गोव्याला उतरायला वाटा अनेक आहेत. खानापूर-रामनगरवरून अनमोड, सावंतवाडीकडून आंबोली, चंदगडवरून तिलारी. पण आमच्या घरात ‘गोव्याला निघालो’ म्हणजे चोर्ला, हे ठरलेलं. पिरनवाडीला वळायचं, मग किणये, कुसमळीचा मलप्रभेवरचा पूल, जांबोटी, कणकुंबी, आणि घाट उतरून केरी, साखळी. पणजीपर्यंत ११० किलोमीटरच्या आसपास. बेळगावची भाजी आणि दूध खाली गोव्यात जातं आणि सोयरिकीही जातात. माझी ताई डिचोलीला दिलीय, त्यामुळे चवथीला खाली उतरणं चुकत नाही.

चवथ येते भर पावसात. कणकुंबी म्हणजे मलप्रभेचा उगम. माउलीचं देऊळ, दाट झाडी, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात असा पाऊस की वायपर पूर्ण वेगात असूनही पुढचं वळण अंदाजानंच घ्यायचं. तिथून चोर्ल्यापर्यंतचा रस्ता पावसाळ्यात कसा असतो ते जाणारे जाणतात. खड्डा दिसतो, पण तो पाण्यानं भरलेला असतो, त्यामुळे चार बोटं खोल आहे की वीतभर, हे चाक आत गेल्यावरच समजतं.

यंदा गाडीत आई, बायको आणि चार वर्षांची लेक. वेग चाळीसच्या आत. समोरून टेम्पो आला, उजवीकडे जागा नाही, डावीकडे दरी. पुढचं डावं चाक खड्ड्यात गेलं आणि पाठोपाठ मागचं. दोन आवाज आले. दुसरा जरा बारीक होता. गाडी चालत होती, पण घाट उतरताना साठच्या पुढे जरा जाऊ दिली की स्टिअरिंग हातात थरथरायचं.

साखळीत पंक्चरवाल्याकडे थांबलो. पुढच्या टायरमधली हवा ३३ वरून २२ वर आली होती. त्यानं चाक काढून टाकीत बुडवलं, तर बुडबुडे टायरमधून नव्हे, रिमच्या आतल्या कडेवरून येत होते. कड वाकली होती. ट्यूबलेस टायर त्या कडेला घट्ट बसतो म्हणून हवा राहते. कड जरा जरी दबली तरी तिथून हवा हळूहळू निसटत राहते. बाहेरून बघाल तर चाक एकदम नवं! वाकण नेहमी आतल्या बाजूला, जी आपण कधी बघतच नाही.

“हातोड्यानं बसवून देता का?” आईनं विचारलं. तिला वाटलं, बाबांच्या जुन्या गाडीला असंच करायचे.

“ते पत्र्याचं चाक होतं, आई,” तो म्हणाला. “हे ओतीव. ठोकलं तर आज बसेल आणि उद्या फुटेल. मी नाही हात लावणार.”

मला हा माणूस आवडला. दीडशे रुपये सहज मिळत होते आणि त्यानं ते सोडले. त्यानं टायर कुठं फुगलाय का हेही हात फिरवून बघितलं. टायरच्या बाजूला फुगवटा आला म्हणजे आतले दोरे तुटले, तो टायर कुणीही दुरुस्त करू नये आणि करवून घेऊ नये. आमचा टायर वाचला होता. स्टेपनी लावली. ती लोखंडी आणि एक नंबर बारीक, वर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेला स्टिकर. ज्यांच्या गाडीची स्टेपनी अशी आहे त्यांनी तो स्टिकर एकदा वाचावा.

डिचोलीत तीन दिवस झकास गेले. नेवऱ्या, खतखतं, रात्री घुमट-आरत्या. फक्त जाताना दाजींनी गल्लीतून गाडी बाहेर काढून दिली आणि पुढचं उजवं चाक चिऱ्याच्या गडग्याला घासलं. दाजींना काही बोलण्याची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून तेही चाक यादीत घातलं.

बेळगावात परतल्यावर आमच्या काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली. काकांनी आयुष्याची एकतीस वर्षं फौंड्रीत काढली आहेत. “बीई मेकॅनिकल झालास आणि कीबोर्ड बडवत बसलास,” हे त्यांचं नेहमीचं. वर, “तीन चाकं आहेत ना, मग तिन्हीचा निर्णय वेगळा करायचा,” असंही म्हणाले.

आधी घासलेलं चाक. त्यात फक्त रंग गेला होता आणि कडेवर ओरखडे होते, खोली नखालाही जेमतेम लागेल इतकी. हे काम घरचं, आणि ते घरीच करावं असं माझं मत आहे. कोरड्या रविवारी, कारण पावसाळी दमट हवेत स्प्रे मारला तर त्यावर पांढुरकी झाक येते. चाक साबणानं धुवून थिनरनं पुसलं. टायर आणि रिमच्या फटीत जुन्या लग्नपत्रिका खोचल्या (आमच्या घरात त्यांचा साठा कधी संपत नाही), बाकी भागाला वर्तमानपत्र आणि चिकटपट्टी. २४० नंबरचा पॉलिश पेपर, मग थोडी पुट्टी, ती सुकल्यावर ४००, शेवटी ८०० पाणी लावून. प्राइमर, चंदेरी रंग, वर लॅकर, सगळे पातळ थर आणि दोन थरांमध्ये चहा. खर्च नऊशेच्या आत आला. हातभर अंतरावरून ओळखू येणार नाही, जवळून येईल. तुमच्या चाकाचा दर्शनी भाग लेथवर कातलेला, चमकत्या बारीक रेषांचा असेल तर मात्र हा खटाटोप करू नका. तो कात पॉलिश पेपरनं परत येत नाही, त्याला पुन्हा मशीनवरच चढवावं लागतं.

उरली वाकलेली दोन.

आमची बरीच चाकं ज्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात, त्यात सिलिकॉन साधारण सात टक्के आणि थोडं मॅग्नेशियम. पण जोर नुसत्या मिश्रणातून येत नाही. ओतल्यावर चाक भट्टीत ५४० अंशांच्या आसपास काही तास ठेवतात, पाण्यात विझवतात आणि मग दीडशेच्या वर थोड्या अंशांवर पुन्हा काही तास मुरवतात. या मुरवण्यातून ताकद येते. आता कुणी वाकलेल्या जागी गॅसची ज्योत धरून ते मऊ करून बसवलं, तर आकार येतो पण तेवढ्या जागेचं मुरलेपण जातं. आणि लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं तरी, ॲल्युमिनियम वितळायला आलं तरी रंग बदलत नाही. ज्योत धरणाऱ्याला आपण किती तापवलंय हे डोळ्यांना कळतच नाही. घरी ज्योत आणि हातोडा नको म्हणतात ते यासाठी.

पण एक गोष्ट घरच्या अंगणात होऊ शकली. काकांचे एक जुने सहकारी डीपी टेस्टचे तीन डबे घेऊन आले. फौंड्रीत ओतकामाची चीर शोधायला हीच पद्धत वापरतात. चाकाची आतली बाजू ब्रेकच्या काळ्या भुकटीपासून लख्ख केली, त्यावर लाल द्रव फवारला, पंधरा मिनिटं थांबलो. केसाएवढी चीर असली तरी द्रव तिच्यात शिरतो. मग वरचा लाल पुसून पांढरा फवारा मारला. मागचं चाक पांढरं शुभ्र राहिलं. पुढच्यावर, वाकलेल्या कडेपासून एका आऱ्याच्या मुळापर्यंत, हळूहळू एक लाल रेष उमटली. लेक म्हणाली, “आजोबा, कुंकू!” कुणी हसलं नाही. त्या चाकावर आम्ही पाचजण घाट उतरलो असतो आणि त्या रेषेचा पत्ता नसता.

सोमवारी उद्यमबागेत गेलो. तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पुढं, खानापूर रोडला. माझं कॉलेज याच भागात, तेव्हा मोल्डिंगच्या जळक्या वाळूचा वास वर्गात यायचा आणि आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. आता तोच वास आला की बरं वाटतं. इथं कुणी क्रँकशाफ्ट घासतो, कुणी हायड्रॉलिकचे व्हॉल्व्ह करतो, एका शेडमध्ये ओतलेलं शेजारच्या शेडमध्ये कातलं जातं. चाक सरळ करणाराही अशाच एका शेडमध्ये सापडला.

मागचं चाक त्यानं मशीनवर चढवून डायल गेज लावलं. काटा तीन मिलिमीटर हलला. हायड्रॉलिक जॅकनं थोडं दाबायचं, फिरवून मोजायचं, पुन्हा दाबायचं. पाऊण तासानं काटा अर्ध्या मिलिमीटरच्या आत आला. ज्योत वापरली नाही. ते आधीच विचारून घ्यावं आणि गेज नसेल त्या दुकानातून सरळ परत यावं, असं मी तुम्हाला सांगेन. अठराशे रुपये झाले.

पुढचं चाक बघून तो म्हणाला, “टिग वेल्डिंग मारून देतो. बफ केला की कळणारसुद्धा नाही.”

काका म्हणाले, “कळणार नाही, हेच तर वाईट.”

वेल्डिंग वाईट असतं असं नाही. बाहेरच्या कडेची छोटी चीर भरणारे बरेच आहेत. पण आऱ्याच्या मुळाशी चाकाचा सगळा भार वळतो, तिथं वेल्डिंगची उष्णता म्हणजे पुन्हा मुरलेपण घालवणं, आणि सगळं चाक पुन्हा भट्टीतून काढणं त्या शेडमध्ये शक्य नव्हतं. त्याचे अडीच हजार आणि नव्या चाकाचे साडेअकरा हजार. फरक नऊ हजारांचा, खोटं कशाला बोलू, मी दोन मिनिटं गप्प होतो. मग नवं मागवलं.

चाकं बसवताना नट आलटून पालटून, समोरासमोर आवळायचे, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या जोरानं. टॉर्क पाना काकांकडे होताच. शंभर किलोमीटर झाल्यावर ते पुन्हा तपासले, एक नट किंचित फिरला. पुण्या-बंगळूरहून गणपतीला गाडी घेऊन घरी येणाऱ्यांनी निदान हे तपासणं करावं, त्याला बीई लागत नाही.

चिरलेलं चाक काकांनी भंगारवाल्याला तसं दिलं नाही. कुणीतरी ते भरून, रंगवून दुसऱ्याच्या गाडीला लावेल म्हणाले. परसात बसून त्यांनी हॅकसॉनं त्याचे दोन तुकडे केले, अर्धा दिवस गेला. मग ते ॲल्युमिनियमच्या भावात, वजनावर दिले.