तेरा टोल्यांची बाग

केंब्रिजला जाऊन आलेल्या माणसाने काय पाहून यायचे, हे ठरलेलेच आहे. किंग्ज कॉलेजचे चॅपेल, ट्रिनिटीच्या दाराशी असलेले न्यूटनच्या सफरचंदाच्या वाणाचे झाड आणि नदीतल्या त्या चपट्या, काठीने रेटायच्या होड्या. मीही हे सारे यथासांग पाहिले. परंतु पुण्यास परतल्यावर जो तो विचारू लागला, "सर्वांत काय आवडले?" तेव्हा मी खरे तेच सांगितले, "एक भिंत." ऐकणारा माझ्याकडे, वयोमानाने असे व्हायचेच, अशा नजरेने पाहतो.

या भिंतीशी मला माझ्या नातवाने नेले. वय वर्षे अकरा. त्याला मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीतून येते. मी गेल्यावर पहिले दहा दिवस त्याने मला पाहुण्याला द्यावा तसा मान दिला. सकाळी 'गुड मॉर्निंग', रात्री 'गुड नाइट', आणि मधल्या बारा तासांत बंद दार. सूनबाई बिचारी ओशाळून म्हणे, "बाबा, सगळीच मुलं आता अशी." मी हसून साजरे करी, पण हजारो मैल येऊन नातवाशी ओळखसुद्धा होऊ नये, हे मनाला लागतेच.

एके दिवशी तो आपण होऊन खोलीत आला, एक पुस्तक माझ्या पुढ्यात टाकले आणि गेला. फिलिपा पिअर्स या लेखिकेचे 'टॉम्स मिडनाइट गार्डन'. १९५८ साली निघालेले. मुलांचे पुस्तक, झोप येईपर्यंत चाळावे म्हणून उघडले, आणि पहाटे दोनला मिटले!

गोष्ट अशी. धाकट्या भावाला, पीटरला, गोवर आलेला. म्हणून टॉमची रवानगी काका-काकूंच्या बिऱ्हाडी. एका मोठ्या जुन्या घराचे तुकडे करून केलेली ही बिऱ्हाडे. खेळायला अंगण नाही, सवंगडी नाही. खाली दिवाणखान्यात एक उंच लंबकाचे घड्याळ. ते वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या घरमालकिणीचे. एका रात्री ते घड्याळ बाराऐवजी तेरा टोले देते. टॉम खाली उतरतो, मागचे दार उघडतो. दिवसा तिथे केराचे डबे आणि फरसबंदीचा तुकडा असतो. पण आता बाहेर अफाट बाग! हिरवळ, मोठमोठी झाडे, आणि हॅटी नावाची एक पोरकी मुलगी. टॉम रोज रात्री जातो. इकडे घड्याळाचा काटा जेमतेम हलतो, तिकडे ऋतू पालटतात आणि हॅटी मोठी होत जाते. ही बाग कोणत्या काळातली? हॅटी कोण? भूत कोण, ती की टॉम? मुलगा एखाद्या गुप्त पोलिसासारखा पुरावे गोळा करू लागतो. त्यांतला एक पुरावा तर असा नामी आहे, की मी अंथरुणात उठून बसलो. हॅटीने आपल्या बर्फावरच्या 'स्केट्स' टॉमसाठी फळीखाली लपवून ठेवायच्या. आणि टॉमला त्या त्याच्या स्वतःच्या काळात, त्याच फळीखाली सापडतात!

शेवट मी सांगणार नाही. ज्यांच्या घरी मुले आहेत त्यांची मौज मी का घालवू? एवढेच सांगतो, की शेवटची दोन पाने वाचून मी चष्मा पुसत बसलो होतो. सकाळी नातवाने विचारले, तेही चक्क मराठीत, "आजोबा, तुम्ही लहान होता तेव्हा कुठे होता?"

मी म्हटले, "पुण्यात. वाड्यात."

"मग पुण्याला आलो की दाखवाल?"

याला मी उत्तर दिले नाही. आमचा वाडा १९८६ साली बिल्डरला दिला. कागदावर सही माझी. पाडण्यापूर्वी आई म्हणाली होती, "एकदा परसातल्या प्राजक्ताखाली बसून येऊ." मी म्हटले, "पुढच्या रविवारी जाऊ." पुढच्या रविवारी प्राजक्त नव्हता. आईने त्याविषयी पुन्हा शब्द काढला नाही. तेच जास्त सलते.

तर त्या शनिवारी आम्ही आजोबा-नातू आगगाडीने शेल्फर्डला गेलो. केंब्रिजहून पाच-सात मिनिटांचा प्रवास. ग्रेट शेल्फर्ड हे कॅम नदीकाठचे खेडे. लेखिका जन्मली १९२० साली, आणि वाढली ती इथल्याच गिरणीवाल्याच्या घरात. वडील पिठाची गिरणी चालवीत आणि धान्याचा व्यापार करीत. चार भावंडांत ही धाकटी. आजारपणामुळे शाळेत गेली ती आठव्या वर्षी. तोवर नदी आणि भिंतीआडची बाग हीच तिची शाळा. पुढे बीबीसीत शाळांसाठी कार्यक्रम लिहू लागली. मग वडिलांनी कामधंदा आवरला आणि घर विकायचे ठरले. बाग हातची जाणार या जाणिवेतून हे पुस्तक उतरले. त्याला १९५८ चे कार्नेगी पदक मिळाले. आणि २००७ साली त्या पदकाची सत्तर वर्षे साजरी करताना लोकांनी आजवरच्या पदकविजेत्यांतून कौल दिला, तेव्हाही ते दुसरे आले. स्वतः पिअर्सबाई उतारवयात त्याच गल्लीत, जुन्या घरासमोर, एका लहानशा घरात येऊन राहिल्या. २००६ साली त्या वारल्या.

घर खाजगी आहे. आत जाता येत नाही. आम्ही गल्लीतून भिंतीपलीकडचे झाडांचे शेंडे पाहिले, नदीचा आवाज ऐकला. पाऊस भुरभुरत होता. नातू म्हणाला, "पुस्तकात बाग गेली, पण खरी अजून आहे!" माझ्या मनात आले, आमचे नेमके उलटे. आमची बाग गेली, आणि पुस्तकही कोणी लिहिले नाही. घर तिचेही विकले गेले, माझेही. तिने जाण्यापूर्वी डोळे भरून पाहून घेतले. मी रविवारवर ढकलले.

मग मी त्याला सारे सांगितले. सही, आई, रविवार, सारे. त्याने मला मध्ये थांबवले नाही.

दुपारी उलट्या दिशेने ईलीला गेलो. पुस्तकात टॉम आणि हॅटी गोठलेल्या नदीवरून घसरत इथवर येतात. १८९४-९५ च्या हिवाळ्यात खरोखरीच असा कडाका पडला होता, की या भागातल्या नद्या गोठल्या. मुलूख ताटासारखा सपाट. पूर्वीची दलदल, सतराव्या शतकात डच इंजिनियरांच्या मदतीने पाणी काढून शेते केलेली. त्यामुळे ईलीचे प्रार्थनामंदिर मैलोगणती लांबून जहाजासारखे दिसते. इथला मधला मनोरा १३२२ साली कोसळला. त्या जागी त्यांनी आठ कोनांचा, वरून उजेड पाझरणारा नवाच मनोरा उभारला. पडलेल्या जागी काय करावे, हे या लोकांना ठाऊक होते खरे!

सूनबाई ईलीला येऊन मिळाली होती. मायलेक पश्चिमेचा मनोरा चढायला गेले. माझ्या गुडघ्यांनी नकार दिला; मी खाली बाकावर बसलो. उतरून आल्यावर नातू धापा टाकीत माझ्याशेजारी बसला. वरून काय दिसले ते सांगेल म्हणून मी वाट पाहत होतो. त्याने खिशातून पेन काढले, तिकिटाचा कोरा भाग माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "आजोबा, विहीर कुठे होती?"

मी चौकोन काढला. दिंडी दरवाजा, चौक, विहीर, तुळशीवृंदावन. हात थोडा थरथरत होता.

"आणि प्राजक्त?"

विहिरीच्या डाव्या अंगाला मी एक लहानसे वर्तुळ काढले. त्याने ते तिकीट नीट घडी करून पुस्तकात ठेवले. येत्या डिसेंबरात तो पुण्यास येणार आहे. त्या जागी सध्या चार मजली इमारत आहे आणि प्राजक्ताच्या जागी मोटारी उभ्या असतात. तरी तो तिकीट घेऊन येणार आहे, आणि मी या खेपेस रविवारची वाट पाहणार नाही.