क्लचला थोडी ढील हवी

गेल्या दिवाळीत मी हैदराबादहून घरी, आदिलाबादला आलो होतो. भाऊबिजेला आईला निर्मलला मामाकडे न्यायचं होतं. त्या दिवशी बसमध्ये उभं राहायलाही जागा नसते, म्हणून बाबांची मोटारसायकल काढली. 100 सीसीची, 12 वर्षांची गाडी. बाबा जिनिंगमध्ये दिवाणजी होते. रोजचं जाणं-येणं, बाजार, नातेवाइकांकडची लग्नं, सगळं याच गाडीवर झालं. आता ते निवृत्त आहेत, पण गाडी रोज पुसतात.

जाताना काही कळलं नाही. संध्याकाळी परत येताना आईला जुन्या रस्त्याने, महबूब घाटातून यायचं होतं. चौपदरी रस्ता झाल्यापासून तिकडे वर्दळ कमी असते आणि तिला ते जंगल आवडतं. चढ सुरू झाला. मी चौथ्याचा तिसरा गिअर केला, रेस दिली. इंजिन जोरात ओरडलं, गाडी मात्र हळूच होत गेली. आणखी रेस दिली तर आवाज वाढला, वेग नाही. मागून आई म्हणाली, "अरे, काहीतरी करपल्याचा वास येतोय."

अंधार पडत होता. शेवटी आई उतरली आणि नवी साडी सावरत चढाचा अवघड तुकडा पायी चढली. मी पहिल्या गिअरमध्ये गाडी रेटत नेली. वर आल्यावर गाडी थंड होऊ दिली आणि जेमतेम घरी पोहोचलो.

बाबा म्हणाले, "गाडीत काही दोष नाही. तुला शहरात राहून चालवायची सवय राहिली नाही."

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मेकॅनिककडे गेलो. तेलुगू घरातला माणूस, पण मराठी आपल्यासारखंच बोलतो. सगळे त्याला अन्ना म्हणतात. मी जाताच म्हणालो, "अन्ना, क्लच प्लेटा गेल्या. बदलून टाका."

अन्ना म्हणाला, "थांबा ना. आधी बघू. खोलायला काय, कधीही खोलता येतं."

त्याने जे केलं ते सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळ जण गाडी चालवतात आणि हे कोणी शिकवत नाही.

आपल्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनच्या तेलातच बुडालेला असतो. त्यात घर्षणाच्या आणि पोलादाच्या चकत्या एकाआड एक बसवलेल्या असतात आणि स्प्रिंग त्यांना घट्ट दाबून धरतात. आपण क्लच दाबला की तो दाब सुटतो, सोडला की परत बसतो. दाब पूर्ण बसला नाही तर चकत्या एकमेकींवर घसरतात. मग इंजिन फिरतं, पण चाकाला जोर पोहोचत नाही. पेट्रोल जास्त जातं, पिकअप जातो, चढावर वास येतो.

अन्ना आधी मोकळ्या रस्त्यावर चक्कर मारून आला. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात एकदम रेस दिली. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी मागेच राहिली, म्हणजे क्लच घसरतोय. मागचा ब्रेक अडकला असता तर गाडी जड चालली असती, पण आवाज असा मोकळा चढला नसता. चेन उडत असती तर खटखट ऐकू आली असती.

मग त्याने विचारलं, "तेल कोणतं टाकलं?" हा प्रश्न महत्त्वाचा. कारच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. कारला ती चांगली, पण तेलात बुडालेल्या क्लचला नाही. मोटारसायकलच्या तेलाच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-2' असं लिहिलेलं असतं, ते बघून घ्यावं. आमचं तेल बरोबर होतं.

शेवटी त्याने क्लचच्या लिव्हरला एक बोट लावलं. लिव्हर ओढायला सुरुवात केली की पहिला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर तो रिकामाच हलायला हवा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. आमच्या गाडीला ती ढील अजिबात नव्हती. म्हणजे केबल सतत ताणलेली, जणू कोणीतरी क्लच कायम अर्धवट दाबून धरलाय.

"नट शेवटपर्यंत आवळलाय. कोणी आवळला?"

"कोणी नाही," मी म्हणालो. मनात आलं, आधीच्या कुठल्यातरी गॅरेजवाल्याचं काम असणार.

नट सैल केला तर गाडी बरीच सुधारली. घाटात मला हे माहीत असतं, तर दोन मिनिटांत आईची ती चढण वाचली असती. पण जोरात ओढताना क्लच अजून थोडा घसरत होता, म्हणून मग खोललं. घर्षणाच्या चकत्या झिजून काळ्या पडल्या होत्या, पोलादी चकत्यांवर तापल्याचे निळे डाग होते. त्या बदलल्या, केबलही नवी टाकली. गाडी पहिल्यासारखी ओढायला लागली.

चार दिवसांनी पहाटे जाग आली. अंगणात उजेड दिसला म्हणून बाहेर गेलो. बाबा पाना घेऊन गाडीपाशी बसले होते आणि तोच नट आवळत होते.

मी चिडलो. "बाबा, काय करताय? यानेच प्लेटा जळल्या!"

ते काही वेळ बोलले नाहीत. मग डावा हात पुढे करून म्हणाले, "क्लच पूर्ण दाबला जात नाही रे. अंगठा आणि ही दोन बोटं बधिर असतात. गिअर टाकताना गाडी पुढे उडी मारते. एकदा बाजारात एक पोरगं थोडक्यात वाचलं. नट आवळला की थोडं दाबलं तरी भागतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू गाडी बंद केली असतीस."

खरं होतं. माझ्या तोंडावर तेच वाक्य आलं होतं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मनगटापाशी नस दाबली गेली आहे. बाबांना मधुमेह आहे आणि मधुमेहींमध्ये हे जास्त दिसतं. रात्री मनगटाला पट्टा बांधायचा, साखर ताब्यात ठेवायची आणि पकड सुधारेपर्यंत गाडी चालवायची नाही. ऑपरेशन लागेल का, ते पुढच्या तपासणीत ठरेल. आधी आले असतात तर बरं झालं असतं, असंही ते म्हणाले.

दर रविवारी मी फोन करतो. "तब्येत कशी?" "बरी." "गाडी कशी?" "मस्त." वर्षभर एवढंच चालू होतं. बाबांनी खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. मीच दुसरं काही विचारलं नव्हतं.

अन्नाने नट पुन्हा सैल करून दिला. नव्या केबलमुळे क्लच आता हलका झालाय, पण तेवढ्याने भागणार नाही, हे बाबांनाही पटलं आहे. ते बाजारात पायी जातात. गाडी अंगणात उभी असते आणि किल्ली त्यांच्याच खिशात आहे. ती मी मागितली नाही.

तुम्ही सुट्टीत गावी गेलात की आई-बाबांच्या गाडीचा क्लच एकदा बोटाने हलवून बघा. ढील नसेल तर नट सैल करा. आणि तो कोणी आवळला, तेही घरात विचारा.